घरचे कोण आणि आगंतुक कोण? : यीस्टमधील एका एन्झाइमाचा इतिहास

सकाळीं पाववाला दारावर येतो तेव्हां त्याच्या टोपलींतील पाव कशानें फुगला आहे, याचा विचार आपण क्वचितच करतों. गोव्यांतील पोदेर पूर्वीं पिठांत माडाची सूर घालीत, आणि त्या सुरेंतील सूक्ष्म जीव रात्रभरांत पीठ फुगवून ठेवीत. आज बाजारांत पुडींत मिळणारें यीस्ट तेंच काम करतें. भटारखान्यापलीकडे ज्याची आपण दखल घेत नाहीं, अशा या एकपेशीय जीवानें सजीवसृष्टीचीं दोन मोठीं कोडीं मनुष्यास उलगडून दाखविलीं आहेत. पहिल्या कोड्याची गोष्ट पुष्कळांना ठाऊक असते. दुसऱ्याची फारशी कोणी सांगत नाहीं. प्रस्तुत लेखाचा विषय ती दुसरी गोष्ट आहे. परंतु पहिलीवांचून दुसरी समजणार नाहीं, म्हणून आरंभ तेथूनच करूं.

साखरेचें मद्य कशामुळें होतें, यावर एकोणिसाव्या शतकांत लीबिख आणि पाश्चर या दोन थोर पुरुषांत दीर्घकाल वाद चालला. लीबिख रसायनवेत्ता. त्याच्या मतें आंबणें म्हणजे विघटन पावणाऱ्या द्रव्यांत घडणारी निव्वळ रासायनिक घटना. पाश्चरनें १८५७ पासून प्रयोगांवर प्रयोग करून असें प्रतिपादिलें कीं, जिवंत जीवांवांचून आंबणें नाहीं. दोघेहि कालवश झाल्यावर, १८९७ सालीं, एडुआर्ड बुकनर या जर्मन शास्त्रज्ञानें या वादाचा निकाल अनपेक्षित रीतीनें लावला. त्यानें यीस्ट वाळूबरोबर खलून, दाबयंत्रांत पिळून, त्याचा रस काढला. रस नासूं नये म्हणून त्यांत पुष्कळ साखर घातली. आपल्या घरीं मुरंबा टिकविण्याची जी युक्ति, तीच ही. पण रस स्वस्थ राहण्याऐवजीं त्यांतून बुडबुडे येऊं लागले. जिवंत पेशी एकहि नसतां साखरेचें मद्य होत होतें. म्हणजे काम जीवाचें खरें. परंतु जीवाच्या आंत तें करणारें द्रव्य निराळें काढतां येतें, हेंहि खरें. अशा द्रव्यांना 'एन्झाइम' हें नांव क्यूने या शास्त्रज्ञानें १८७६-७७ च्या सुमारास दिलें होतें. त्या ग्रीक शब्दाचा अर्थच मुळीं 'यीस्टच्या आंत' असा आहे. बुकनरला १९०७ चें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें, आणि एन्झाइमें वेगळीं काढून त्यांचा अभ्यास करणें हा शास्त्राचा राजमार्ग झाला.

आतां दुसरें कोडें. प्रत्येक सजीवाच्या पेशींत त्याच्या वंशाचा सगळा लेख डी.एन.ए.च्या रूपानें जपलेला असतो. वाचकांनीं जुन्या दप्तरखान्याची कल्पना करावी. तेथील मूळ कागद बाहेर नेतां येत नाहीं. कारकुनानें हव्या त्या कागदाची नक्कल करून द्यावयाची आणि त्या नकलेवर पुढचें काम चालावयाचें. पेशींतील ही नक्कल म्हणजे आर.एन.ए., आणि ती उतरून देणारा कारकून म्हणजे 'आर.एन.ए. पॉलिमरेज' हें एन्झाइम. यकृताची पेशी आणि मेंदूची पेशी यांच्या दप्तरांत कागद तेच असतात. कोणत्या कागदाची नक्कल केव्हां निघते, यावरच त्यांचें वेगळेपण अवलंबून असतें. तेव्हां हा कारकून कोण, तो कसा बनलेला आहे, आणि कोणाच्या सांगण्यावरून लेखणी उचलतो, हे प्रश्न केवळ रसायनशाळेचे राहत नाहींत.

या कारकुनाचा शोध लागण्यापूर्वीं एक चुकीचा मनुष्य त्याच्या जागीं बसविला गेला होता. १९५५ सालीं सेव्हेरो ओचोआ यांच्या प्रयोगशाळेंत आर.एन.ए. बनविणारें एक एन्झाइम सांपडलें. १९५९ मध्यें त्याबद्दल ओचोआ यांना, आणि डी.एन.ए. बनविणाऱ्या एन्झाइमाबद्दल आर्थर कॉर्नबर्ग यांना, वैद्यकाचें नोबेल पारितोषिक विभागून देण्यांत आलें. परंतु ओचोआ यांचें एन्झाइम मूळ लेखाकडे पाहतच नाहीं असें दिसून आलें. परीक्षानळींत तें आर.एन.ए. जोडतें, पण पेशींत त्याचें मुख्य काम आर.एन.ए. तोडण्याचें आहे. पुढें जनुकीय संकेत उकलण्याच्या कामीं त्याचा फार मोठा उपयोग झाला, म्हणून तो शोध वायां गेला असें म्हणतां येणार नाहीं. पण नक्कलकार तो नव्हे. खरा नक्कलकार त्याच १९५९ सालीं सॅम्युएल वाइस व लेनर्ड ग्लॅडस्टन यांना उंदराच्या यकृतांत आढळला, आणि १९६० मध्यें जेरार्ड हर्विट्झ व ऑड्रे स्टीव्हन्स यांना स्वतंत्रपणें जंतूंत सांपडला. स्टॉकहोम येथील १९५९ च्या समारंभास आर्थर कॉर्नबर्ग यांच्याबरोबर त्यांचा बारा वर्षांचा मुलगा रॉजर गेला होता. या मुलाची गांठ आपल्याला पुढें पुन्हां पडावयाची आहे.

जंतूंमध्यें हें एन्झाइम एकच असतें. उच्च जीवांत तें किती आहेत याचा उलगडा १९६९ मध्यें झाला. रॉबर्ट रोडर हे त्यावेळीं विल्यम रटर यांच्या हाताखालीं शिकणारे विद्यार्थी होते. त्यांनीं सी-अर्चिन या कांटेरी समुद्रजीवाच्या गर्भांतून आणि उंदराच्या यकृतांतून काढलेला अर्क एका भारित द्रव्याच्या नळींतून गाळला, तेव्हां नक्कल करण्याची शक्ति एका जागीं न येतां तीन निरनिराळ्या जागीं बाहेर आली. कारकून एक नव्हे, तिघे होते. पहिलें पॉलिमरेज रायबोसोमचा मोठा आर.एन.ए. बनवितें, दुसरें प्रथिनांचे आदेश उतरून देतें, तिसरें प्रथिनें घडवितांना एकेक अॅमिनो आम्ल वाहून आणणारे लहान आर.एन.ए. तयार करतें. तिघांचें वेगळेपण एका विषारी अळंब्यानेंहि सिद्ध केलें. त्या अळंब्याचें विष अत्यल्प प्रमाणांत दिलें असतां प्राण्यांतील दुसरें पॉलिमरेज तात्काळ थांबतें. पहिल्यावर त्याचा परिणाम होत नाहीं. हें अळंबें चुकून खाणाऱ्या मनुष्याचें यकृत निकामी होतें, त्याचें कारण हेंच. यीस्टमध्येंहि हींच तीन पॉलिमरेजें आढळलीं, आणि मग अभ्यासकांचें लक्ष पुन्हां या जुन्या मित्राकडे वळलें.

येथून खरी अडचण सुरू झाली. एन्झाइम शुद्ध करून तें जेलीसारख्या थरावर ठेवावें आणि थरांतून वीज सोडावी, म्हणजे त्यांतील प्रथिनें वजनाप्रमाणें वेगळीं होऊन एकाखालीं एक रेघा उमटतात. जंतूंच्या पॉलिमरेजमध्यें अशा रेघा चार-पांच. यीस्टच्या पॉलिमरेजांत मात्र दहा, बारा, चौदा, त्याहूनहि अधिक! दोन मोठ्या रेघा स्पष्ट होत्या. त्यांच्याबद्दल कोणाला संशय नव्हता. पण त्यांच्याखालीं ज्या बारीक बारीक रेघा दिसत, त्या एन्झाइमाच्या अवयवांच्या, कीं शुद्ध करतांना चिकटून आलेल्या कचऱ्याच्या? लग्नाच्या पंगतींत घरचे किती आणि हांक न मारतां आलेले किती, हें केवळ पानें मोजून सांगतां येत नाहीं. तशीच ही स्थिति. शुद्धीकरणाची पायरी एक वाढविली कीं एखादी रेघ फिकट होई. मग तें प्रथिन आगंतुक होतें, कीं सैल धरलेला खरा अवयव आपणच गाळून टाकला, याचें उत्तर रसायनशाळेंत मिळेना.

या कामांत फ्रान्समधील साक्ले येथील आंद्रे सांतनाक आणि त्यांचे सहकारी यांनीं जी चिकाटी दाखविली तिला तोड नाहीं. तीनहि पॉलिमरेजें त्यांनीं शेजारीं शेजारीं ठेवून एकेका रेघेची तुलना केली. त्यांतून निष्पन्न झालें तें असें कीं, कांहीं लहान प्रथिनें तिन्हींत तींच आहेत. अशीं समाईक प्रथिनें पांच निघालीं. शिवाय आणखी दोन पहिल्या व तिसऱ्या पॉलिमरेजांत समाईक आढळलीं. कचरा असता तर तोच कचरा तीन निरनिराळ्या एन्झाइमांना दर वेळीं बिनचूक कां चिकटावा? संशयितांच्या बाजूनें मिळालेली ही पहिली साक्ष होती. एका ठिकाणीं तर, जिला इतकीं वर्षें एकच रेघ समजत होते तींत दोन निरनिराळीं प्रथिनें दडलेलीं आहेत, असेंहि निघालें.

निर्णायक साक्ष मात्र यीस्टनेंच दिली. १९७८ मध्यें यीस्टच्या पेशींत बाहेरून डी.एन.ए. घालण्याची कृति साधली. थोड्याच वर्षांत त्यांतील कोणतेंहि एक जनुक नेमकें काढून टाकणें शक्य झालें. आतां वाद घालण्याचें कारण उरलें नाहीं. ज्या प्रथिनाबद्दल शंका, त्याचें जनुक काढावें आणि यीस्ट जगतें कीं मरतें तें पाहावें. अमेरिकेंत रिचर्ड यंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं दुसऱ्या पॉलिमरेजचीं जनुकें एकामागून एक शोधून ही परीक्षा घेतली. साक्ले येथें पहिल्या व तिसऱ्याची झाली. निकाल असा लागला : दुसऱ्या पॉलिमरेजांत बारा प्रथिनें, त्यांपैकीं दहांवांचून यीस्ट जगत नाहीं. पहिल्यांत चौदा, तेथेंहि दहा अपरिहार्य. तिसऱ्यांत सतरा, आणि तेथें एकहि वगळतां येत नाहीं. दुसऱ्या पॉलिमरेजमधील सर्वांत मोठें प्रथिन १७३३ अॅमिनो आम्लांचें. सर्वांत लहान दोन केवळ ७०-७० आम्लांचीं. पण या सत्तर आम्लांच्या प्रथिनास काढलें तरी मृत्यु तोच. ज्या रेघेला कचरा म्हणून पुसून टाकण्याचा मोह होत होता, तिच्यावर प्राण अवलंबून होता.

बारा हा आंकडा ऐकून मराठी वाचकाला बारा बलुतेदार आठवल्यावांचून राहणार नाहीं. ही उपमा कांहीं अंतरापर्यंत चालते. गांवगाड्यांत ज्याचें त्याचें काम ठरलेलें असे, तसें येथेंहि आहे. दोन मोठीं प्रथिनें मिळून एक खोल फट तयार करतात, डी.एन.ए. तींतून सरकतो आणि तिच्या तळाशीं नक्कल जोडली जाते. तिसरें, दहावें, अकरावें आणि बारावें हीं चार एकत्र येऊन मोठ्या दोघांना जुळण्यास आधार देतात. पांचवें आणि नववें डी.एन.ए. आंत शिरतो त्या जबड्याशीं असतात. नववें नक्कल कोठून सुरू करावी व ती बिनचूक कशी व्हावी यांत मदत करतें. सर्वांत मोठ्या प्रथिनाला एक लांब शेपूट आहे. तींत सात आम्लांचा तोच तोच पाठ यीस्टमध्यें २६ वेळां, तर मनुष्यांत ५२ वेळां येतो. त्या शेपटीवर फॉस्फेटचीं चिन्हें चढतात आणि उतरतात, आणि त्यांवरून नकलेची पुढची व्यवस्था पाहणारे मदतनीस जागेवर येतात. एकच कारागीर चार गांवांना पुरावा, तशीं तीं पांच समाईक प्रथिनें तिन्ही पॉलिमरेजांत राबतात. पण उपमा येथेंच सोडणें बरें. गांवगाड्यांत जन्मावरून मान आणि अपमान ठरत असे. पेशींत तसें कांहीं नाहीं. तेथें मोठ्याचें आणि लहानाचें महत्त्व एकाच कसोटीवर ठरतें : तो नसला तर काय होतें?

मग जीं दोन प्रथिनें काढलीं तरी यीस्ट जगतें, तीं निरुपयोगी समजावयाचीं काय? चवथ्या प्रथिनाची कथा याचें उत्तर देते. तें काढलेलें यीस्ट सुखाच्या उष्णमानांत वाढतें खरें, पण उष्णता किंवा थंडी वाढतांच त्याची वाढ खुंटते. सुबत्तेच्या दिवसांत ज्याची उणीव भासत नाहीं, त्याची किंमत दुष्काळांत कळते. गंमत अशी कीं, याच चवथ्याच्या अनुपस्थितीनें शास्त्राचें एक मोठें काम झालें. रॉजर कॉर्नबर्ग, म्हणजे १९५९ च्या समारंभांतील तोच मुलगा, आतां स्टॅनफर्ड येथें दुसऱ्या पॉलिमरेजचे स्फटिक बनविण्याच्या खटपटींत होते. स्फटिक होण्यास सर्व रेणू अगदीं सारखे असावे लागतात. येथें तर कांहीं रेणूंत चवथें व सातवें प्रथिन असे आणि कांहींतून तीं निसटलेलीं असत. त्यामुळें ओळ जुळेना. शेवटीं चवथ्याचें जनुक काढलेलें यीस्टच वापरलें. त्यापासून मिळणाऱ्या एन्झाइमांत चवथें नाहीं आणि त्याच्या आधारानें राहणारें सातवेंहि नाहीं; उरलेलीं दहा मात्र सर्व रेणूंत सारखीं. स्फटिक चांगले झाले. २००१ सालीं पॅट्रिक क्रामर, डेव्हिड बुशनेल आणि कॉर्नबर्ग यांनीं क्ष-किरणांच्या साहाय्यानें त्या दहा घटकांची रचना २.८ अँगस्ट्रॉम इतक्या सूक्ष्मतेनें प्रसिद्ध केली. एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एककोटीवा भाग. त्याच वर्षीं, नक्कल चालू असतांनाचें चित्रहि त्यांच्या प्रयोगशाळेंतून बाहेर आलें. राहिलेलीं दोन प्रथिनें जागेवर बसवून बाराहि घटकांचें चित्र २००३ मध्यें पुरें झालें. २००६ चें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक एकट्या रॉजर कॉर्नबर्ग यांना मिळालें. १९५९ च्या समारंभांत आर.एन.ए.च्या नांवानें जो मान भलत्या एन्झाइमाकडे गेला होता, तो सत्तेचाळीस वर्षांनीं खऱ्या नक्कलकाराकडे आला. आणि तो आणणारा त्या दिवशींच्या प्रेक्षकांतील एक मुलगा होता. आर्थर कॉर्नबर्ग त्यावेळीं हयात होते. पुढच्याच वर्षीं ते वारले.

राहिलेल्या दोन पॉलिमरेजांचीं चित्रें यानंतर हातीं आलीं : पहिल्याचें २०१३ मध्यें, तिसऱ्याचें २०१५ मध्यें. त्यांवरून बारा, चौदा आणि सतरा या आंकड्यांतील भेदाचें मर्म अधिक स्पष्ट झालें. दुसऱ्या पॉलिमरेजला कामाला लागतांना बाहेरून कांहीं साहाय्यक प्रथिनें बोलवावीं लागतात आणि काम झाल्यावर तीं निघून जातात. पहिल्या व तिसऱ्या पॉलिमरेजांत त्यांच्याच जातकुळीचीं प्रथिनें कायमचीं घरांत राहिलेलीं दिसतात. ज्याला हजारों निरनिराळे कागद उतरावयाचे, त्यानें प्रसंगानुरूप मदतनीस बोलवावे. ज्याला थोडेच कागद पण अहोरात्र उतरावयाचे, त्यानें ते पदरींच बाळगावे, अशी ही व्यवस्था दिसते. घरचा आणि पाहुणा यांतील सीमारेषा निसर्गानेंच अशी हालती ठेवली आहे. मग ती ठरवितांना शास्त्रज्ञ वर्षानुवर्षें गोंधळले यांत नवल तें काय?

या गोंधळाचें सर्वांत बोलकें उदाहरण यीस्टमध्यें नसून जंतूंत सांपडतें. जंतूंच्या पॉलिमरेजमध्यें ओमेगा नांवाचें एक चिमुकलें प्रथिन नेहमीं दिसे. तें काढलें तरी जंतु मरत नसे, म्हणून त्याला पुष्कळ काळ चिकटून आलेली अशुद्धि समजत. यीस्टमधील सहावें प्रथिन मात्र तिन्ही पॉलिमरेजांत असणारें आणि प्राणास अपरिहार्य. २००१ सालीं दोघांची तुलना झाली तेव्हां दिसलें कीं, हीं दोन्ही एकाच पूर्वजाचीं वंशज आहेत, आणि मोठ्या प्रथिनाला घडी घालून एन्झाइमांत बसविण्याचें त्यांचें कामहि एकच. ज्याला दारांतून परत पाठविण्याचें ठरत होतें, तो घरांतील सर्वांत जुन्या माणसांपैकीं एक निघाला.

एवढें सूक्ष्म ज्ञान घेऊन करावयाचें काय, असा प्रश्न एखादा व्यवहारी वाचक विचारील, आणि त्याला तसा अधिकार आहे. त्याचें एक उत्तर क्षयरोगाच्या इतिहासांत आहे. रिफाम्पिसिन हें औषध १९६८ मध्यें इटलींत प्रथम विक्रीस आलें. आज क्षयाच्या उपचारांतील तो एक आधारस्तंभ आहे. तें क्षयजंतूच्या पॉलिमरेजमधील बीटा या मोठ्या घटकाला जाऊन चिकटतें आणि नक्कल थोडी लिहून होतांच तिची वाट अडवितें. या बीटाचाच भाऊबंद आपल्या पॉलिमरेजांत आहे. पण ज्या खांचेंत औषध बसतें तिची ठेवण भिन्न असल्यानें रोग्याच्या पेशींतील नक्कल थांबत नाहीं. जंतूच्या बीटा घटकाच्या जनुकांत एका लहान भागांत फरक पडला, कीं औषध लागू पडेनासें होतें. हट्टी क्षयाची परीक्षा आज याच भागावरून करतात. ज्या देशांत क्षयानें घरेंच्या घरें ओसाड केलीं, तेथें या एका घटकाची ओळख पटणें ही कांहीं लहान गोष्ट नव्हे.

दुसरें उत्तर अधिक हळवें आहे. कांहीं बालकें गालाचीं व जबड्याचीं हाडें अपुरीं आणि कान अर्धवट घडलेले, अशा स्थितींत जन्मास येतात. ट्रीचर कॉलिन्स या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या या व्याधींत बहुतेकांच्या ठिकाणीं दोष निराळ्या जनुकांत असतो. पण कांहीं रोग्यांत तो पहिल्या व तिसऱ्या पॉलिमरेजांतील त्या दोन समाईक घटकांच्या जनुकांत असतो, असें २०११ मध्यें आढळलें. त्याच वर्षीं, मेंदूंतील तंतूंवरील आवरण नीट न बनण्याचा एक बालरोग तिसऱ्या पॉलिमरेजच्या सर्वांत मोठ्या दोन घटकांतील दोषांमुळें होतो, हेंहि उघड झालें. हे रोग विरळा, आणि त्यांवर समूळ उपाय आज नाहीं. परंतु ज्या आईला आजवर कारणहि सांगतां येत नव्हतें, तिला निदान तें सांगतां येतें. तें सांगतां आलें, याचें श्रेय साक्ले येथील जेलीच्या थरावर बारीक रेघा मोजणाऱ्यांकडे आणि भटारखान्यांतील त्या जीवाकडे जातें. मनुष्याचे यांतील कांहीं घटक यीस्टमध्यें घातले तर ते तेथें चालतात, इतकें आपलें आणि त्याचें नातें जवळचें आहे.

बुकनरनें यीस्ट पिळलें त्याला सव्वाशे वर्षें उलटून गेलीं. त्या काळाचा प्रश्न होता कीं, कार्य जीवाचें कीं द्रव्याचें. पुढच्या पिढ्यांचा प्रश्न असा झाला कीं, द्रव्यांत आवश्यक कोण आणि अनावश्यक कोण. उत्तर देण्याची घाई ज्यांनीं केली ते बहुधा चुकले. ज्यांनीं क्षुल्लक दिसणाऱ्या रेघेलाहि तिचें म्हणणें मांडूं दिलें, त्यांच्या हातीं सत्य लागलें. उद्यां सकाळीं पाव मोडतांना त्यांतील जाळी दृष्टीस पडेल. पीठ तसें फुगविणाऱ्या प्रत्येक पेशींत हीं तिन्ही पॉलिमरेजें आपआपल्या लहानमोठ्या घटकांनिशीं राबत होतीं, आणि तो पाव मोडणाऱ्या हातांतहि तशींच राबत आहेत.